पोलादातील नजरचूक

जुन्या, दुर्मिळ लष्करी रायफलीतून गोळी झाडून पाहावी का? अमेरिकेच्या १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलीपुरते याचे उत्तर इतिहासातच आहे. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेतील कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग नुसत्या डोळ्यांनी जोखत. लख्ख उन्हात तो मंद भासे. मग पोलाद प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ होई. १९१७मध्ये काही रायफली फुटल्या, चौकशी झाली आणि १९१८मध्ये, क्रमांक ८,००,०००च्या सुमारास, पद्धत बदलली. त्याआधीची प्रत्येक रायफल सदोष नाही. पण सदोष कोणती, हे पाहून कळत नाही. तेव्हा गोळी झाडणे म्हणजे स्वतःचा जीव आणि एक अस्सल दस्तऐवज दोन्ही पणाला लावणे. पोथीतील लेखनिकाचा हस्तदोष आपण जपतोच. कारागिराची ही नजरचूकही तशीच जपावी.