मूळ रूप कोणते? सिरसाळ्यातील एका राजदूतचा शोध

परळीहून बीडकडे जाताना सिरसाळा लागते. परळी तालुक्यातल्या या गावात आमच्या जुन्या घराच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे, एक राजदूत मोटारसायकल तीसेक वर्षे उभी होती. नोंदणी-पुस्तकावर साल १९७४. टायर सडून रिमा जमिनीला टेकलेल्या, सीटमध्ये उंदरांनी घर केलेले, किक जागची हलत नव्हती. २०२३ च्या दिवाळीनंतर ती पुन्हा चालती करायचे मी ठरवले. या कामाचा मला कसलाही अनुभव नव्हता. जुनी गाडी नीट करणे म्हणजे ती कारखान्यातून आली होती तशी करणे, एवढीच माझी समजूत. ती समजूत अपुरी आहे हे कळायला एक चूक घडावी लागली, आणि ती चूक आता दुरुस्त होणारी नाही.

पोलंड ते परळी तालुका

या गाडीचे मूळ शोधायला निघालो तर ते पोलंडमध्ये सापडते. तिथल्या केल्त्से शहरातील 'हुता लुडविकुफ' या लोखंडाच्या कारखान्यात 'एसएचएल' नावाच्या मोटारसायकली बनत. त्यांतल्या 'एम ११' या गाडीच्या धर्तीवर आपल्याकडे 'एस्कॉर्ट्स'ने साठच्या दशकाच्या सुरुवातीला राजदूत काढली. १९४४ साली लाहोरात नंदा बंधूंनी सुरू केलेली ही कंपनी फाळणीनंतर दिल्लीकडे आली होती. म्हणजे पोलंडचा आराखडा, पंजाबातून आलेले मालक, आणि गाडी धावली बीड जिल्ह्याच्या मातीत.

तो काळ परवान्यांचा होता. १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) कायद्यामुळे कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारी परवान्यावर ठरे. मोटारसायकल घेणाऱ्यापुढे मुख्यतः तीन नावे होती : १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेली एनफिल्ड, रुस्तम व फारूख इराणी यांच्या म्हैसूरच्या कारखान्यातली जावा (हिचीच पुढे येझ्दी झाली), आणि राजदूत. शहरातल्या तरुणांना राजदूत आठवते ती १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटातल्या छोट्या गाडीमुळे. खेड्यात मात्र ती दुधाची गाडी होती.

त्याचे कारण तिच्या इंजिनात आहे. १७३ सीसीचे हे टू-स्ट्रोक इंजिन. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, वंगणासाठी वेगळी यंत्रणा नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. हलणारे भाग थोडे, त्यामुळे ते गावातला मिस्त्रीही खोलून बसवू शके. पण ऑइल कमी पडले की पिस्टन जाम होई, आणि जास्त झाले की मागे धुराचा लोट.

दुधाचे आकडे

आमच्या आजोबांना सगळे अण्णा म्हणत. १९७२ च्या दुष्काळात त्यांची जित्राबे गेली. पाऊस परतल्यावर त्यांनी शेतीपेक्षा म्हशींवर भर दिला. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला होता. तिथल्या वसाहतीत दुधाला गिऱ्हाईक होते. पहाटे धारा काढून उन्हाच्या आत दूध परळीला पोचवायचे तर सायकल पुरत नव्हती. म्हणून राजदूत आली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अण्णांनी लोखंडी अँगल वेल्ड करून घेतले आणि कॅन अडकवायला त्यांना आकडे लावले.

१९८४-८५ च्या सुमारास जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००. गंमत अशी की यातली यामाहा एस्कॉर्ट्सच काढत होती. कमी पेट्रोल पिणाऱ्या या गाड्यांपुढे राजदूत मागे पडत गेली. अण्णांचे गुडघे थकले, आणि १९९२ मध्ये गाडी गोठ्यात लागली.

खोलणे आणि पुसणे

परळीच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पहिला धडा दिला : किकवर जोर करायचा नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल सोडले आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. दुसरा धडा असा की खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढायचा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी घालून ठेवायचे. सिलिंडर रिबोर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला, क्रँकचे ऑइल सील बदलले, कार्बोरेटर उकळत्या पाण्यात धुतला, पॉइंट घासले. टाकीत वाटीभर गंज निघाला.

चूक झाली ती याच टाकीवर. मिस्त्री नसताना, उत्साहाच्या भरात, मी तिच्यावर रंग काढायचे रसायन फासले. वरचा लाल थर सुरकुतला, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर ब्रशने काढलेली पांढरी अक्षरे दिसू लागली. '…दूध' एवढे वाचता आले. बाकीची अक्षरे माझ्या हातातल्या फडक्याला लागली होती. काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, अण्णांनी सोताच्या हातानं लिव्हलं व्हतं की ते. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायचे ना, त्याच ब्रशनं." त्यांच्या व्यवसायाचा तो एकमेव लेखी पुरावा होता. ना पावती-पुस्तक उरले आहे, ना वही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कटर काढला आणि विचारले, "भाऊ, हे आकडे उडवू का? कंपनीचे नाहीत." आदल्या दिवशी विचारले असते तर मी हो म्हटले असते. त्या दिवशी म्हणालो, "मिस्त्री, राहू द्या."

कायदा आणि सनद

हा प्रश्न माझ्या गोठ्यापुरता नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. तिला क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण 'मूळ रूप' म्हणजे कोणते? कारखान्याच्या फाटकातून निघाली त्या दिवशीचे, की पुढे अठरा वर्षे राबताना घडले ते?

वास्तूंच्या बाबतीत हा वाद जुना आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की एखाद्या इमारतीत निरनिराळ्या काळांनी घातलेली मोलाची भर आदराने जपावी. सगळे एकाच शैलीत आणणे हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. वाहनांसाठी पुढे आलेली ट्यूरिन सनद हाच धागा धरून चालते. तेराव्या शतकातल्या देवळाला पेशवाईत बांधलेली दीपमाळ कुणी 'मूळची नाही' म्हणून पाडत नाही. मग दुधाचे आकडे का पाडावेत? कारखान्यातून आलेली राजदूत संग्राहकांकडे पाहायला मिळते. दुष्काळानंतर एका घराला सावरणारी राजदूत पाहायची तर हे आकडे लागतात.

२०२४ च्या पावसाळ्याआधी गाडी चालू झाली. सतरावी किक. गोठाभर निळा धूर, म्हशी बिथरल्या, काका मात्र हसत उभे. टाकी गंजू नये म्हणून तिला हिरवा रंग दिला. अक्षरे पुन्हा लिहून घ्या, असे अनेकांनी सुचवले. लिहून घेतली नाहीत. पेंटरने काढलेले अक्षर अण्णांचे होत नाही. ती जागा कोरी ठेवली आहे.

'व्हीए' क्रमांकासाठी अर्ज अजून केलेला नाही. करीन तेव्हा गाडीचे फोटो आकड्यांसकट जोडीन.