पायोरिया आणि देहस्वास्थ्य : एका सिद्धांताचा उदयास्त

तोंडांतील रोग तोंडापुरताच राहतो, कीं सर्व देहास ग्रासतो, हा वैद्यकशास्त्रापुढील फार जुना प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधतांना विसाव्या शतकांत जें घडलें, तें मोठें उद्बोधक आहे. एक चांगलें निरीक्षण घाईनें सिद्धांतपदास चढलें; त्यापायीं असंख्य लोकांस आपले दांत गमवावे लागले; आणि पुढें तो सिद्धांत टाकून देतांना त्यांतील सत्यांशही टाकला गेला.

बर्लिन येथें संशोधन करणारे अमेरिकन दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनीं १८९१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मुख हें जंतूंचें आगर असून तेथून दूरच्या अवयवांसही बाधा पोंचूं शकते. लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनीं १९०० पासून हा विचार हिरिरीनें मांडला. १९१० सालीं माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठांत व्याख्यान देतांना, कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनीं कडक टीका केली. १९१२ सालीं शिकागोचे डॉ. फ्रँक बिलिंग्ज यांनीं या मतास पद्धतशीर रूप दिलें. शरीरांत कोठेंतरी दडलेला पुवाचा सांठा हेंच संधिवातादि जुनाट व्याधींचें मूळ. तो काढून टाकला म्हणजे व्याधि हटेल, असें त्याचें सार होतें.

उपाय सोपा होता, म्हणूनच तो झपाट्यानें पसरला. पुढील वीसपंचवीस वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत रोग्यांचे दांत सर्रास उपटले जाऊं लागले. निरोगी दांतांचीही गय झाली नाहीं. न्यू जर्सींतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन यांना तर वेडाचें मूळही तेथेंच दिसलें. दांत काढून वेड हटेना, तेव्हां त्यांनीं टॉन्सिल व आंतडीं यांवर शस्त्र चालविलें, आणि त्यांत कित्येक रोगी दगावले.

या मताची खरी परीक्षा झाली ती रोग्यांच्या मोजणीनें. १९३८ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. रसेल सेसिल यांनीं एका सहकाऱ्यासह संधिवाताच्या २०० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सेसिल हे पूर्वीं स्वतः या रोगाचें मूळ जंतूंत शोधीत असत. परंतु दांत वा टॉन्सिल काढून म्हणण्यासारखा गुण येत नाहीं, असें त्यांस आढळलें. मग हें मत मागें पडलें, आणि तोंड व देह यांच्या संबंधाचा विचारही बराच काळ उपेक्षित राहिला.

१९८९ सालीं तो प्रश्न पुन्हां पुढें आला. फिनलंडमधील संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रोग्यांची दंतस्थिति, तुलनेसाठीं घेतलेल्या १०२ व्यक्तींहून वाईट आढळली. १९९३ सालीं हॅराल्ड ल्यो यांनीं हिरड्यांच्या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलें. येथें संबंध दुहेरी आहे : मधुमेहानें हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तांतील साखर कांहीं अंशीं उतरते. हृदयविकाराविषयीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें २०१२ सालीं सावध मत दिलें. दोहोंत संबंध आहे, व तो धूम्रपानादि समान कारणांनीं सर्वस्वीं उलगडत नाहीं. तथापि एक दुसऱ्याचें कारण असल्याचें सिद्ध झालेलें नाहीं.

याच ल्यो यांनीं १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें बारा व्यक्तींस दांत घासणें थांबविण्यास सांगितलें होतें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दांत पुन्हां स्वच्छ होऊं लागतांच त्या पूर्ववत् झाल्या. हिरड्यांच्या सुजेवर इतका साधा इलाज होता. परंतु सिद्धांताच्या भरांत ज्यांचे दांत उपटले गेले, त्यांच्या वांट्यास तो आला नाहीं.