बिनव्याजी बँक : ‘हलाल’ पाटीवर विसंबून पैसे ठेवू नका

केशवापूर (हुबळी) : इस्लामिक बँक आपल्याकडं कुठं आहे? सरळ उत्तर : भारतात नाहीच. रघुराम राजन समितीनं 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2017 मध्ये मात्र रिझर्व्ह बँकेनं तो विषय पुढं न नेण्याचं ठरवलं.

जिथं अशा बँका आहेत, तिथं ग्राहक त्यांना कशावर जोखतो? ओथमन आणि ओवेन या अभ्यासकांनी 2001 मध्ये कुवेतमधल्या ग्राहकांवरून ‘कार्टर’ नावाची मोजपट्टी मांडली. विश्वासार्हता, तत्परता, आपुलकी वगैरे सेवेचे पाच नेहमीचे निकष, आणि सहावा शरियतचं पालन.

पण पाच निकष काउंटरवर कळतात, सहावा कळत नाही. बँक पैसा नेमका कुठं गुंतवते, हे ग्राहकाला दिसत नाही. तो पाटी आणि ओळखीच्या माणसाचा शब्द बघतो. बंगळूरच्या ‘आयएमए’नं नेमका त्याचाच फायदा घेतला. ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावावर हजारो कुटुंबांचे पैसे जमवले, जून 2019 मध्ये मालक दुबईला पळाला, जुलैत दिल्लीत पकडला गेला. ती बँक नव्हतीच, त्यामुळं बँक ठेवींना तेव्हा असलेलं 1 लाखापर्यंतचं विमा संरक्षणही तिथं नव्हतं.

खरं तर मुदारबा करारात नफा ठरलेल्या प्रमाणात वाटतात आणि धंद्यात खोट आली तर ती भांडवल देणाऱ्याची. म्हणजे दरमहा ‘हमखास नफा’ सांगणारा शरियतही पाळत नाही आणि कायदाही. पैसे देण्याआधी रिझर्व्ह बँकेचा परवाना बघा, मग बाकीचं.