राणीचे आठवे बाळंतपण

वेणा सोसायच्याच असतात, असे आपण लहानपणापासून ऐकतो. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला. राणी व्हिक्टोरियाची सात बाळंतपणे त्याविना झाली. आठव्या वेळी, १८५३ साली, डॉ. जॉन स्नो यांनी तो रुमालावर टाकून हुंगायला दिला. राणीला आराम पडला.

पण क्लोरोफॉर्मने काही रुग्ण दगावत. का? छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत हैदराबादेत डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष निघाला : नाडी नव्हे, श्वास पाहा. तो अपुरा ठरला. हलक्या गुंगीत हृदयही एकाएकी बंद पडते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ साली दाखवले.

राणीचा अनुभवही पुरावा म्हणून अपुराच. आठवे बाळंतपण पहिल्यासारखे कसे असेल? म्हणून आता चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट करतात आणि मग तुलना करतात. त्यातून दिसले, की कमरेतून दिलेल्या एपिड्युरल भुलीने वेणा खूप कमी होतात, प्रसूती थोडी लांबू शकते, पण सिझेरियन वाढत नाहीत. एवढे विज्ञान सांगते. वेणा सोसायच्या की नाही, हे त्या बाईनेच ठरवायचे.