निलंगा हेलिकॉप्टर अपघात (२०१७)

लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे २५ मे २०१७ रोजी उड्डाण घेताना झालेला हेलिकॉप्टर अपघात. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, तीन सहप्रवासी आणि दोन वैमानिक असे सहा जण हेलिकॉप्टरमध्ये होते. हेलिकॉप्टरची मोडतोड झाली. सहाही जण बचावले.

घटनाक्रम : लातूर जिल्ह्याचा दौरा आटोपून मुख्यमंत्री दुपारी बाराच्या सुमारास निलंग्याहून मुंबईकडे निघाले. धुळीचा लोट उठवत हेलिकॉप्टरने जमीन सोडली, पण त्याला पुरेशी उंची गाठता आली नाही. वाऱ्याची दिशा व वेग बदलत असल्याचे जाणवताच वैमानिकांनी पुन्हा उतरण्याचा निर्णय घेतला. उतरताना हेलिकॉप्टर वरून गेलेल्या तारांमध्ये अडकले आणि हेलिपॅडजवळच्या वस्तीत कोसळले. मुख्यमंत्र्यांनी थोड्याच वेळात ट्विट करून सर्वजण सुखरूप असल्याचे कळवले.

हेलिकॉप्टर : राज्य सरकारच्या मालकीचे सिकॉर्स्की एस-७६सी++, नोंदणी व्हीटी-सीएमएम. एस-७६ मालिकेचे पहिले उड्डाण १९७७ मध्ये झाले. सी++ या आवृत्तीला दोन इंजिने असतात. मुख्य पंख्याला चार पाती असून त्याचा व्यास सुमारे १३.४ मीटर, तर उड्डाणाच्या वेळचे कमाल अनुज्ञेय वजन सुमारे ५,३०० किलो आहे. मात्र हा आकडा सर्वत्र व सर्वकाळ लागू होत नाही. ठिकाणाची उंची, तापमान आणि वारा पाहून प्रत्येक उड्डाणासाठी किती वजन घेता येईल, याचा हिशेब नव्याने करावा लागतो.

उड्डाणातील धोके : हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली लोटतो आणि त्या बळावर यंत्र वर उचलले जाते. हवा विरळ असली की तेवढ्याच फेऱ्यांत कमी उचल मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. लातूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात तिथला पारा चाळिशीच्या आसपास असतो. अशा वेळी तिथली हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ होते. हेलिकॉप्टर उभे असते ६०० मीटरवर, पण त्याला मिळणारी हवा सुमारे १,६०० मीटर उंचीवरची असते.

जमिनीलगत, म्हणजे साधारण पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, खाली लोटलेल्या हवेला जमिनीचा अडसर होतो आणि तरंगायला कमी ताकद पुरते. ही उंची ओलांडताच तो आधार सुटतो. पुढे ताशी ३० ते ४५ किलोमीटर वेग आला की पंख्याला सतत ताजी हवा मिळून उचल पुन्हा वाढते. या दोन टप्प्यांमधले काही सेकंद सर्वांत नाजूक. समोरून वारा असेल तर ते लवकर सरतात. तोच वारा फिरून मागून आला की उचल एकाएकी कमी होते आणि भरलेले हेलिकॉप्टर खाली बसू लागते. अशा वेळी आजूबाजूला मोकळी जागा नसेल, तर विजेची एखादी तारही जीवघेणी ठरते.

तात्पुरते हेलिपॅड : मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी तालुक्याच्या गावी बहुधा शाळा-कॉलेजच्या मैदानावर हेलिपॅड आखले जाते. चुन्याने वर्तुळ आणि त्यात ‘एच’ काढतात, टँकरने पाणी मारून धूळ बसवतात, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापडी पिशवी लावतात किंवा धूर करतात. हे सगळे नीट झाले तरी मैदानाबाहेरचे खांब, तारा आणि घरे जागच्या जागी राहतात. हेलिकॉप्टर कोणत्या बाजूने येणार, कोणत्या बाजूने जाणार आणि मध्येच परतावे लागले तर कुठे उतरणार, हे चुन्याच्या वर्तुळाइतकेच आधी ठरायला हवे.

नंतरच्या घटना : अपघाताची चौकशी केंद्र सरकारच्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे गेली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला नाशिकहून निघालेले मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर वजन जास्त झाल्याने लगेच उतरवावे लागले. एका सहप्रवाशाला उतरवल्यानंतर ते मार्गस्थ झाले. सरकारी हेलिकॉप्टरचे सर्वच अपघात असे निभावत नाहीत. रायपूरच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर १२ मे २०२२ च्या रात्री छत्तीसगड सरकारचे हेलिकॉप्टर सरावादरम्यान कोसळले आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. तिथे आखीव विमानतळ होता, प्रवासी कोणी नव्हते, तरीही जीव गेले.

महत्त्व : निलंग्यात वाचलेल्या सहा जीवांमुळे हा अपघात सुदैवाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. पण सुदैवावर दौरे आखता येत नाहीत. दौऱ्याची वेळ, सोबतच्या माणसांची संख्या आणि सामान ठरवताना मंत्र्याच्या कार्यालयाने वैमानिकाचा हिशेब आधी पाहावा. मे महिन्याच्या दुपारी वैमानिक एक माणूस कमी करा म्हणाला, किंवा आज उड्डाण नको म्हणाला, तर समोर कितीही मोठी व्यक्ती असो, त्याचाच शब्द अखेरचा मानला पाहिजे.