आतला आवाज

बाजारात माठ घेताना बायका तो बोटाने वाजवून पाहतात. आवाज खणखणीत आला तर घ्यायचा, बद्द आला तर खाली ठेवायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर कानांना कळते. कथलाची कांब वाकवली की करकरते, हेही धातुकाम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. या जुन्या शहाणपणाला शास्त्राची बैठक मिळाली १९५० मध्ये. म्युनिकच्या जोसेफ कायझर यांनी आपल्या प्रबंधात दाखवले, की ताण पडला की धातू सूक्ष्म आवाज करतात. ताण काढून पुन्हा दिला, तर आधीची कमाल मर्यादा ओलांडेपर्यंत मात्र ते गप्प राहतात.

पुढे तंतू आणि राळ यांचे मिळून बनलेले नवे प्लास्टिक आले. आधी काचतंतूंच्या होड्या आणि टाक्या आल्या; मग १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरोच्या संशोधकांनी बळकट कार्बनतंतू तयार केले. पोलादाहून कितीतरी हलके आणि तरीही भक्कम! पण याचा स्वभाव धातूचा नव्हे. धातू वाकतो, त्याला पोचा येतो; हे प्लास्टिक बाहेरून जसेच्या तसे दिसते. आत मात्र आधी राळेला केसासारख्या चिरा जातात, मग तंतू राळेपासून सुटतात, थरांचे पापुद्रे होतात. एक तंतू तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, आणि शेवट अचानक येतो.

या प्रत्येक पायरीला आवाज होतो. इथे कायझर यांचा नियमही मोडतो. आतून दुखावलेला तुकडा पूर्वी सोसलेल्या ताणापेक्षा कमी ताणालाच बोलू लागतो. याच लक्षणावरून १९७० च्या दशकापासून काचतंतूंच्या टाक्या तपासल्या जाऊ लागल्या.

हे सारे ज्ञान हाताशी असताना ‘टायटन’ची दुर्घटना घडली. सुमारे ३,८०० मीटर खोलीवरचे ‘टायटॅनिक’चे अवशेष दाखवणाऱ्या या पाणबुडीचे नळकांडे पाच इंच जाडीच्या कार्बनतंतूंचे होते. तंतू म्हणजे दोरच; ओढला तर बळकट, पण दाबाखाली त्याला सरळ धरून ठेवते ती राळच. त्यामुळे इथे थर सुटणे फारच धोक्याचे. पाणबुडीत आवाज टिपणारी यंत्रणा बसवलेली होती. १५ जुलै २०२२ रोजी ती वर येत असताना मोठा धमाका झाला, आतल्या माणसांनीही तो ऐकला. सांगाड्यात नळकांडे सरकले असेल, असा अर्थ लावला गेला. त्यानंतरच्या फेऱ्यांत ताणाच्या नोंदीही बदलल्या होत्या. तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. कॅनडाच्या हिवाळ्यात पाणबुडी उघड्यावर पडून राहिली. १८ जून २०२३ रोजी ती पाण्याखाली चिरडली गेली आणि कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांच्यासह पाच जण मरण पावले.

त्या धमाक्याच्या वेळी थर सुटले होते, असे अमेरिकी तपासात पुढे निष्पन्न झाले. ही दुर्घटना टाळता आली असती, असे तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात नोंदवले.

काल टिकले म्हणून आज टिकेल, हा हिशेब या पदार्थाला लागू नाही. त्याची प्रत्येक यशस्वी फेरी थोडी झीज मागे ठेवते. पदार्थ बोलला होता, यंत्राने ते टिपलेही होते. थांबण्याचा निर्णय मात्र माणसानेच घ्यायचा असतो.