ग्रंथदान, बौद्ध

बौद्ध धर्मविषयक ग्रंथ लिहवून, छापवून अथवा स्वतः वाचून झाल्यावर दुसऱ्यास विनामूल्य देण्याची प्रथा. पाली वाङ्मयात दानाचे आमिसदान (अन्न, वस्त्र इ. वस्तूंचे दान) व धम्मदान (उपदेशाचे दान) असे दोन प्रकार सांगितले असून त्यांत धम्मदान श्रेष्ठ मानले आहे. ग्रंथ ही वस्तू असली, तरी तिच्याद्वारे उपदेश पोहोचत असल्यामुळे ग्रंथदानात हे दोन्ही प्रकार एकत्र येतात.

प्रारंभी धम्मदान मौखिकच होते. श्रीलंकेत इ. स. पू. पहिल्या शतकात त्रिपिटक लेखनिविष्ट झाल्यावर ग्रंथाला महत्त्व आले. महायान पंथाच्या प्रज्ञापारमिता ग्रंथांत तर ग्रंथ लिहून दुसऱ्यास देणे हे धातुस्तूप उभारण्याहूनही अधिक पुण्यप्रद म्हटले आहे. पूर्व भारतातील पालकालीन हस्तलिखितांच्या शेवटी दात्याचा उल्लेख करून या ‘देयधर्मा’चे पुण्य मातापिता, आचार्य व सर्व प्राणिमात्र यांना लाभो, अशी इच्छा व्यक्त केलेली आढळते. चीनमध्ये ८६८ साली वांग ज्ये याने आईवडिलांच्या नावे वज्रच्छेदिका हे सूत्र सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी छापविले. छपाईची तारीख नोंदविलेला हा जगातील सर्वांत जुना उपलब्ध मुद्रित ग्रंथ होय. मुद्रणकलेच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा अशा रीतीने दानाच्या हेतूशी निगडित आहे.

पश्चिम भारतातही या प्रथेचे पुरावे मिळतात. वलभीच्या मैत्रक वंशातील गुहसेन राजाच्या सहाव्या शतकातील दानपत्रात सद्धर्माच्या पुस्तकसंग्रहासाठी तरतूद आहे. कोकणातील कान्हेरी येथे शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातील (नववे शतक) लेखात विहाराची डागडुजी व भिक्षूंची वस्त्रे यांबरोबरच पुस्तकांसाठीही रक्कम ठेवल्याचा निर्देश आहे. ‘देयधम्म’ हा शब्द महाराष्ट्रातील लेण्यांच्या शिलालेखांत वारंवार येतो. कान्हेरी व जुन्नर येथील दात्यांत कल्याणच्या रहिवाशांचा समावेश होता. आजची उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे याच प्राचीन बंदराच्या परिसरात वसलेली आहेत.

आधुनिक महाराष्ट्रात या प्रथेला निराळे सामाजिक मोल प्राप्त झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर (१८६०–१९३४) यांनी लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची एक प्रत त्यांनी विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकर यांना सत्कारसभेत भेट दिली. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरचा मानतात; खुद्द आंबेडकरांनी मात्र १९५६ मध्ये लिहिलेल्या एका प्रास्ताविकात तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हटला आहे. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी या भेटीपासूनच सुरुवात केली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा द बुद्ध अँड हिज धम्म हा ग्रंथ १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. त्याचा मराठी अनुवाद १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरज्ञानापासून दूर ठेवलेल्या समाजाने धर्म स्वीकारला, पण त्याचा मुख्य ग्रंथ स्वभाषेत हाती येण्यास एक तपाहून अधिक काळ लोटला. धर्मानंद कोसंबी यांचे ग्रंथ व वंदनेच्या छोट्या पुस्तिका यांवर त्या काळात भिस्त होती. वस्तीत जो लिहितावाचता असेल त्याने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही रीत यातूनच दृढ झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सु. ८४ लाख बौद्धांपैकी सु. ६५ लाख महाराष्ट्रात होते. कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसविलेले उल्हासनगर (१९४९), कारखान्यांमुळे वाढलेले अंबरनाथ आणि लोहमार्गालगतचे बदलापूर या पट्ट्यात राज्याच्या इतर भागांतून आलेली श्रमिक कुटुंबे स्थायिक झाली. त्यांच्या वस्त्यांतील विहार हे वंदनेप्रमाणेच वाचनाचेही स्थान असते. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे विहारांतून सामुदायिक वाचन होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम (१९६७) अन्वये मिळणारे अनुदान मान्यताप्राप्त ग्रंथालयांपुरतेच असते. त्यामुळे मान्यता नसलेल्या लहान संग्रहांची वाढ मुख्यतः भेटीदाखल आलेल्या, बहुधा वापरलेल्या, पुस्तकांवर अवलंबून राहते. बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती किंवा कुटुंबातील मृताचा पुण्यानुमोदन विधी या निमित्तांनी पुस्तके दिली जातात. पहिल्या पानावर लिहिलेला ‘स्मरणार्थ भेट’ हा मजकूर पालकालीन हस्तलिखितांतील दात्याच्या नोंदीची आठवण करून देतो.

वापरलेले पुस्तक दानास योग्य ठरते काय, हा प्रश्न पाली वाङ्मयाच्या आधारे तपासता येतो. अंगुत्तरनिकायात असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत : अनादराने देणे, घेणाऱ्याचा मान न राखता देणे, स्वहस्ते न देणे, टाकाऊ वस्तू देणे व फळाविषयी श्रद्धा न ठेवता देणे. यात वस्तू जुनी असल्याचा दोष सांगितलेला नाही. दोष आहे तो टाकाऊपणाचा व अनादराचा. पाने गळालेली, वाळवी लागलेली किंवा वाचकाच्या भाषेत नसलेली पुस्तके विहारात आणून ठेवणे हे अडगळ दूर करणे होय, दान नव्हे. याउलट वाचून झिजलेली, पण पूर्ण व सुवाच्य प्रत योग्य वाचकास स्वहस्ते दिल्यास ती नव्या प्रतीहून उणी ठरत नाही.

ग्रंथ पूजास्थानी ठेवून त्याला फुले वाहण्याची प्रवृत्ती प्राचीन काळीही होती व आजही दिसते. परंतु कपाटात बंद राहिलेल्या प्रतीतून उपदेश पोहोचत नाही. म्हणून ग्रंथदानाची परिपूर्ती ग्रंथ हातात पडल्याने नव्हे, तर तो वाचला जाऊन पुढच्या हाती गेल्याने होते. आर्थिक दृष्ट्या दुर्बल वाचकवर्गात एकच प्रत अनेकांच्या उपयोगी पडते, हे या प्रथेचे खरे सामर्थ्य होय.